घरात, घरून, घरातल्यांना

या वेळच्या सदरात व्याकरण आहे. थांबा, लगेच पान उलटू नका! शाळेत व्याकरणाचा तास म्हटला की माझ्याही पोटात गोळा यायचा. ‘स-ला-ते, स-ला-ना-ते, ने-ए-शी, नी-शी-ई-ही’ हे आम्ही ओळीने उभे राहून म्हणायचो. या घोषाचा आपल्या बोलण्याशी काही संबंध असतो हे बाईंनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. द्वितीयेचा तो ‘ते’ प्रत्यय कुणी घरात, बाजारात, रस्त्यात वापरलेला ऐकलाय तुम्ही? मी तरी नाही. पण पाठ मात्र अजून आहे.

सांगायची आहे ती हकिगत माझ्या एका चुकीपासून सुरू होते.

दोन वर्षांपूर्वीचा आपला गुढीपाडव्याचा कार्यक्रम. छोट्या मुलांचे नाच झाले आणि निवेदिकेने रंगमंचावरच्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सहज विचारले, “आज सणाचं काय खाल्लंस रे?” तो ऐटीत म्हणाला, “मी पुरणपोळी खाल्लो!” सभागृह खो खो हसले. हसण्यात वाईट काही नव्हते, कौतुकच होते. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने हसणारी मी होते. तो मात्र गोंधळून उभा राहिला. नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “काकू, ‘मी पाणी प्यायलो’ म्हणतात ना? मग ‘मी पोळी खाल्लो’ का नाही?”

आता मला सांगा, काय उत्तर देणार? गेली कित्येक वर्षे मी मुलांचा मराठी वर्ग घेते. आधी शुक्रवारी असायचा, २०२२ मध्ये साप्ताहिक सुट्टी बदलली तसा शनिवारी गेला. मी म्हणाले, “अरे, तसं नसतं म्हणत.” त्याने मान हलवली आणि गेला.

पुढे काही महिन्यांनी त्याची आई भेटली. म्हणाली, “हल्ली तो मराठी बोलतच नाही. साताऱ्याहून आजीचा फोन आला की ती मराठीत विचारते आणि हा ‘येस’, ‘नो’, ‘फाइन’ म्हणतो. आजीला इंग्रजी येत नाही. ती आपली ‘बरा आहेस ना बाळा?’ एवढंच चार वेळा विचारते आणि फोन ठेवते.” पाडव्याचा प्रसंग तिला आठवतही नव्हता. मला होता.

आता यात तुर्की भाषा कुठून आली? तर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक तुर्की कुटुंब राहायला आले. आखातातल्या घरांना तुर्की मालिकांचे वेड जुने आहे. २००८ साली ‘नूर’ नावाची मालिका सिरियन धाटणीच्या अरबीत बोलत घराघरांत शिरली, तेव्हापासूनचे. २०२० मध्ये ‘एर्तुग्रुल’ उर्दूत आली आणि आमच्या इमारतीतल्या पाकिस्तानी बायकांनाही तीच लागण झाली. मी मात्र मालिकांमुळे नव्हे, चहामुळे तुर्कीकडे वळले. या शेजारणीकडे कंबरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा लालभडक चहा मिळतो. मी तिला ‘आब्ला’ म्हणते, म्हणजे ताई. ती मला ‘कोमशू’ म्हणते, म्हणजे शेजारीण. आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत, त्याहून मोडक्या अरबीत. एकदा इस्तंबूलला जायचे ठरले आणि मी म्हटले, आब्ला, मला थोडी तुर्की शिकव.

पहिल्याच दिवशी तिने एक शब्द दिला : ‘एव’, म्हणजे घर. आणि मग त्याला शेपट्या लावायला सुरुवात केली. ‘एवदे’ म्हणजे घरात. ‘एवदेन’ म्हणजे घरातून. ‘एवीन’ म्हणजे घराचा. ‘एवे’ म्हणजे घराकडे. मी चमकले. इंग्रजीत घराच्या अलीकडे एक वेगळा शब्द उभा करावा लागतो. इथे आपल्यासारखे घराच्या मागे जोडायचे! तुर्कीत अशा विभक्ती सहा. आब्लाने विचारले, “तुमच्यात किती?” मी छाती पुढे काढून सांगितले, “आठ!” घरी आल्यावर मोजून बघितल्या तर द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय तेच. म्हणजे एकच माणूस दोन खुर्च्यांवर बसवलेला.

याचे कारण असे की आपले शालेय व्याकरण संस्कृतच्या साच्यातून काढलेले आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ १९११ चा. मोठी माणसे, मोठे काम. पण त्याही आधी, १८०५ साली, विल्यम कॅरी या पाद्रीबोवांनी बंगालमध्ये श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले होते. ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी होते, म्हणजे ज्यांना मराठीचा गंध नाही त्यांच्यासाठी. हे वाचले आणि मनात आले, आपली इथे वाढलेली मुले दादोबांच्या वर्गात बसतात की कॅरीच्या? असो.

तुर्कीकडे वळू. पहिली ठेच मला ‘घरी’ या शब्दाने लागली. आपण ‘मी घरी आहे’ म्हणतो आणि ‘मी घरी जाते’ही म्हणतो. दोन्हीकडे ‘घरी’. तुर्कीत असलेल्या जागेला ‘एवदे’ आणि जायच्या जागेला ‘एवे’. मी फोनवर आब्लाला ‘मी घरी आहे’ सांगताना ‘एवे’ वापरले, तर ती माझी वाट बघत बसली, कारण तिला वाटले मी घराकडे निघाले आहे! मराठी कानाला जो फरक कधी ऐकूच आला नव्हता तो तिच्या भाषेत ठळक होता. मग लक्षात आले की आपल्या मुलांचेही हेच होत असेल, फक्त उलट्या बाजूने. ‘घरी’, ‘घरात’ आणि ‘घराला’ यांतला फरक आपल्याला न शिकवता येतो. घरी जायचे, घरात झुरळ झाले आणि घराला रंग द्यायचा. इंग्रजीतून विचार करणाऱ्या पोराला हे कळायचे कसे? ते आपले सगळीकडे ‘घरमध्ये’ म्हणून मोकळे होते.

दुसरी गंमत कर्माची. ‘एक्मेक’ म्हणजे पाव. नुसते ‘एक्मेक घेतला’ म्हटले तर कुठला तरी पाव, बाजारातून आणतात तसा. पण ‘एक्मेई घेतला’ म्हटले तर तो पाव, तू सांगितलेला, ठरलेला. एका ‘ई’ने पावाची ओळख पटते. (शब्दातला ‘क’ मधल्यामध्ये विरघळतो, तिकडे लक्ष देऊ नका.) मी म्हटले, हे काही आपल्यात नाही बुवा. आणि तेवढ्यात आठवले. आपल्याकडे लग्नासाठी ‘मुलगी’ बघायला जातात, आणि ती दवाखान्यात असली तर ‘मुलीला’ बघायला जातात. पहिल्या वेळी मुलगी कोण ते अजून ठरायचे असते, दुसऱ्या वेळी ती आपली नेमकी माणूस असते. आब्लाला हे समजावले तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला. त्यांच्याकडेही मुलगी बघायला जातात. तिथे मुलगी कॉफी करून आणते.

तुर्कीत आणखी एक नियम आहे स्वरांच्या जुळणीचा. ‘एव’मध्ये ‘ए’ आहे म्हणून ‘एवदे’, ‘एवदेन’. पण ‘ओकुल’, म्हणजे शाळा, तिथे मागच्या प्रत्ययाला ‘आ’ लागतो : ‘ओकुल्दा’ शाळेत, ‘ओकुल्दान’ शाळेतून. प्रत्यय तोच, फक्त शब्दाच्या सुराला सूर लावतो. इझमिरदे, पण इस्तंबूलदा. मी विचारले, पुण्याचे काय? ती म्हणाली, ‘पुणेदे’. मी म्हटले, आमच्यात ‘पुण्यात’. त्यावर तिने विचारले, “पुणे होते ना? मग ‘पुण्या’ कुठून आले?”

हा प्रश्न मला मराठीत कुणी विचारला नव्हता. तुर्कीत मूळ शब्द बहुतेक वेळा तसाच राहतो, प्रत्यय मागे येऊन चिकटतात. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्द जरा वाकून उभा राहतो. घर-घरा, मुलगा-मुलग्या, तळे-तळ्या, भिंत-भिंती, चिंच-चिंचे, लाडू-लाडवा. याला आपण सामान्यरूप म्हणतो आणि हे नाव सोडून त्यात सामान्य काही नाही. आपली मुले अडखळतात ती मुख्यतः इथे. ‘मुलगाला’, ‘घोडावर’, ‘पुणेला’ या चुका प्रत्ययाच्या नाहीत. ‘ला’ आणि ‘वर’ बरोबर जागी आहेत. चुकले ते मधले वाकणे. आणि आपण काय सांगतो? “नीट बोल!” नीट म्हणजे काय ते सांगत नाही.

बाहेरचे शब्द सगळेच वाकत नाहीत हीदेखील पंचाईत. अमेरिका वाकते, ‘अमेरिकेला’ म्हणतो. दुबई आणि अबुधाबी ईकारान्त, त्यामुळे तशाच्या तशा. शारजा मात्र मधल्यामध्ये आहे. आपण बहुतेक सगळे ‘शारजाला’ म्हणतो. पण आमच्या इमारतीत दरवर्षी थंडीत कोल्हापूरहून येणारे एक आजोबा बिनदिक्कत ‘शारज्याला’ म्हणतात, जसे मिरज्याला… नव्हे, मिरजेला! बघा, माझीसुद्धा गडबड होते.

या सगळ्यात मला ज्या दिवशी खरोखर उठून नाचावेसे वाटले तो दिवस सांगते. आब्लाने कागदावर एक शब्द लिहिला : ‘एवदेकिलेरे’. म्हणाली, फोड. तुर्की लिहिणे सोपे आहे, १९२८ साली त्यांनी अरबी लिपी सोडून रोमन घेतली, त्यामुळे लिहितात तसे वाचायचे. मी फोडायला बसले. ‘एव’ घर. ‘दे’ म्हणजे त : घरात. ‘कि’ म्हणजे तिथला : घरातला. ‘लेर’ म्हणजे अनेक : घरातले. शेवटचा ‘ए’ म्हणजे ना : घरातल्यांना. एवदेकिलेरे, घरातल्यांना! एकेक मणी त्याच क्रमाने. आपण पत्राच्या शेवटी पूर्वी ‘घरातल्यांना नमस्कार’ लिहायचो, त्या एका शब्दात पाच मणी ओवलेले आहेत हे कधी दिसलेच नव्हते. इंग्रजीत हेच सांगायला चार-पाच सुटे शब्द लागतात.

दोन्ही भाषांचे काही नाते आहे का? तसे नाही. मराठी संस्कृत-प्राकृताच्या कुळातली, तुर्की मध्य आशियातून आलेल्या वेगळ्याच कुळातली. संस्कृतात ‘रामस्य’, ‘रामेण’ असे प्रत्यय शब्दात विरघळलेले असतात. मराठीने पुढे प्रत्यय एकामागून एक ओवायची रीत धरली आणि त्यामुळे ती तुर्कीसारखी दिसू लागली. शब्दांची देवघेव मात्र खरीच झालेली आहे, बरीचशी फारसीच्या हातून. आपली ‘तोफ’ म्हणजे तुर्की ‘तोप’. गंमत म्हणजे तुर्कीत ‘तोप’ म्हणजे चेंडूसुद्धा, त्यामुळे आब्लाचा नातू खाली ‘तोप’ खेळायला जातो! विजापूरची ‘मुलूखमैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ओतली, ती ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा होता. ‘कैची’ तुर्की, ‘उर्दू’ हा शब्द तुर्की. अरबी-फारसीतून दोघांकडेही आलेले तर कितीतरी : दुकान, हिशेब, मैदान, हवा, दुनिया. ‘मिसाफिर’ त्यांच्याकडे पाहुणा, आपल्याकडे मुसाफिर म्हणजे प्रवासी. आणि मावशीला ‘तेयझे’, आत्याला ‘हाला’. इथल्या आपल्या मुलांसारखे सगळ्यांना एका ‘आँटी’त कोंबत नाहीत.

क्रियापदांनी तर मला आणखी जवळ नेले. ‘गेलिप’ म्हणजे येऊन. ‘घरी येऊन जेवले’ हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून तुर्कीत जाते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखेच. ‘गेल्दी’ म्हणजे आला, ‘गेल्दी मी?’ म्हणजे आला का? आपला ‘का’ आणि त्यांचा ‘मी’ एकाच जागी. चहाबिहा म्हणायचे असेल तर ‘चाय माय’. आणि ‘दिये’ नावाचा एक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘असे म्हणून’. पाऊस येईल म्हणून छत्री घेतली, या वाक्यात कुणी काही म्हटलेले नाही, तरी आपण ‘म्हणून’ म्हणतो. तुर्क लोकही तिथे ‘दिये’ म्हणतात. म्हणण्याचे कारण कसे झाले, ते दोघांनाही विचारून उपयोग नाही.

पण मी फसले ती ‘मिश’वर. तुर्कीत भूतकाळ दोन. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी पाहिले. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे, किंवा आलेला दिसतो. दारात चपला दिसल्या की आपण ‘आलेत वाटतं’ म्हणतो ना, तसे. स्वतः न पाहिलेल्या गोष्टीची ती खूण आहे. शेजारपाजारच्या बातम्या ‘मिश’मध्ये, लहान मुलांच्या गोष्टी ‘मिश’मध्ये. मला हे नीट कळलेले नव्हते. मी आपली पाठ केलेल्या तक्त्यातला एक भूतकाळ उचलला आणि आब्लाने चहा विचारल्यावर ऐटीत म्हणाले, “चाय इच्मिशिम.”

आब्ला माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “झोपेत?”

मी ‘मी चहा प्यायले’ म्हणायला गेले होते आणि ‘मी चहा प्यायले म्हणे’ म्हणून बसले होते! जणू मला कुणीतरी नंतर येऊन सांगितले. आब्ला हसली, भरपूर हसली, तिची सूनही आतून येऊन हसली. माझे कान तापले. वयाच्या पन्नाशीनंतर शिकायला बसल्यावर कुणी हसले की काय वाटते ते त्या दिवशी कळले. पण हसून झाल्यावर तिने पेला भरला, समोर बसली आणि कागदावर दोन रकाने पाडले. इकडे ‘इच्तिम’, तिकडे ‘इच्मिशिम’. कधी हे, कधी ते, पाच-पाच उदाहरणे. उठताना म्हणाली, “कोमशू, तुझी चूक चांगली होती. प्रत्यय बरोबर लावलास, फक्त वेगळा लावलास.”

घरी आले आणि तो मुलगा आठवला. त्याचीही चूक चांगली होती. ‘प्यायलो’वरून ‘खाल्लो’ हे त्याने डोके लढवून काढले होते.

एक सांगते, इथे बाजारात आपण सगळे कसली अरबी बोलतो? ‘आना माफी मालूम.’ त्यात क्रियापदाला ना काळ, ना पुरुष, ना लिंग. बकाल्यातला मल्याळी, टॅक्सीवाला पठाण, आपण, आणि आपल्याशी बोलताना अरबही. कामे होतात आणि कुणी हसत नाही. आपल्या मुलांना शाळेत खरी अरबी असते आणि तिचे तक्ते त्यांना पाठ असतात : अकल, अकलत, अकल्तु, तो खाल्ला, ती खाल्ली, मी खाल्ले. मराठीत घातले की बघा कसे विचित्र दिसते ते! कारण अरबीत क्रियापद खाणाऱ्याकडे बघते, काय खाल्ले त्याच्याशी तिला देणेघेणे नाही. तुर्कीतही तसेच. मराठीत भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याकडे पाठ फिरवून ताटाकडे बघते. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. मी पुरुष असो की बाई.

हे असे का, ते शोधायला दामले काढले, आणखी दोन-तीन पुस्तके चाळली. ‘रामाने पोळी खाल्ली’ यात ‘ने’ दिसतो. ‘मी’च्या मागे काही दिसत नाही, म्हणून मुले फसतात. पण जुन्या मराठीत तिथे ‘मी’ नव्हतेच, ‘म्यां’ होते. म्यां केले, त्वां दिले. संस्कृतातल्या ‘मया’चे हे रूप, म्हणजे ‘माझ्याकडून’. माझ्याकडून पोळी खाल्ली गेली, म्हणून क्रियापद पोळीचे. पुढे ‘म्यां’ बोलण्यातून गेला, जागेवर साधा ‘मी’ येऊन बसला, पण क्रियापद अजून ‘म्यां’ला धरून आहे. मालक बदलला तरी गडी जुन्याच शिस्तीने वागतो तसे. आणि पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे अशी काही क्रियापदे आहेत ज्यांना कर्म असूनही ती कर्त्याकडेच बघतात. मी पाणी प्यायलो, ती साडी नेसली. व्याकरणाच्या पुस्तकांत त्यांची यादीच असते. यादी असते म्हणजेच, ती पाठ करावी लागतात.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी त्या मुलाच्या आईला म्हटले, त्याला वर्गाला पाठव, मला त्याचे एक उत्तर द्यायचे राहिले आहे. तो आला, मोबाईल हातात, चेहरा कोरा. मी फळ्यावर दोन रकाने पाडले. डावीकडे ‘रामाने’, ‘सीतेने’, ‘म्यां’ आणि त्यापुढे खाली कंसात ‘मी’. उजवीकडे आंबा, पोळी, केळे. हिंदी सिनेमाचे वाक्य विचारले, “मैंने रोटी…?” तो म्हणाला, “खाई.” “खाया नाही?” “नाही.” “का?” थोडा वेळ तो फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ने आहे म्हणून. आपला ने लपलाय.”

मी पंधरा वर्षांत हे इतके नेमके सांगितलेले नव्हते. लपलाय! मग मी त्याला तुर्की चहाची माझी गोष्ट सांगितली, ‘झोपेत?’ सकट. सगळा वर्ग हसला, माझ्यावर. त्याने मोबाईल खाली ठेवला. ‘प्यायलो’चे काय, हे त्यानेच पुन्हा विचारले आणि मी यादी दिली. तो म्हणाला, “म्हणजे ती मुलं नियम पाळत नाहीत.” मी म्हटले, हो, वर्गात असतात अशी दोन-चार.

तेव्हापासून मी ‘स-ला-ते’ सोडून दिले आहे. आधी शब्द कसा वाकतो ते, मग मणी. घर, घरा, घरात, घरातला, घरातल्यांना. मुले कागदाच्या पट्ट्या करून जोडतात. सगळ्यात लांब शब्द करायची शर्यत लावली तेव्हा एका मुलीने ‘दुकानांमधल्यांनासुद्धा’ केला आणि जिंकली. आईबाबांना एक विनंती मात्र करते : मुलाने ‘पुणेला’ म्हटले तर ‘हो का, पुण्याला कधी जायचं?’ असे म्हणा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडते आणि बोलणे पुढे जाते. हेही मला आब्लानेच शिकवले. ती माझी वाक्ये अशीच दुरुस्त करून मला परत देते.

गेल्या आठवड्यात त्या मुलाच्या आईने मला फोनवरचे एक रेकॉर्डिंग पाठवले. सातारा आणि दुबई, एकूण अकरा मिनिटे. आजी विचारते आहे, हा सांगतो आहे. मध्येच, “आजी, मी पुरणपोळी खाल्ली. एक नाही, दोन खाल्ल्या. आणि दूध प्यायलो.” आजीला यात काही विशेष वाटलेले नाही, ती पुढचे विचारते आहे, तूप घेतलंस का म्हणून. आणि शेवटी मोठ्या अभिमानाने तो तिला सांगतो, “आजी, मी मराठी शिकली!”

नियमाने बघितले तर अगदी बरोबर आहे. मराठी ‘ती’, म्हणून ‘शिकली’. पण ‘शिकणे’ नेमके त्या यादीतले. येत्या शनिवारी सांगते त्याला.